शेजारच्या गच्चीवरचा टॉवर आणि सात महिन्यांची कागदपत्रे

७ जानेवारी २०२४ हा रविवार होता. सकाळी साडेसातच्या सुमारास इंदूरच्या रामबागेतील आमच्या गल्लीत लोखंडी अँगलांनी भरलेला एक टेम्पो येऊन थांबला आणि चार माणसे ते अँगल दोराने शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर ओढू लागली. ती इमारत चौमजली, आमचे घर दुमजली आणि मध्ये जेमतेम बारा मीटरची गल्ली. कसले काम आहे असे मी खालून विचारले, तेव्हा वर उभ्या असलेल्या मुलाने "मोबाइल का टॉवर है, दीदी" असे सांगितले.

माझ्या सासूबाईंवर २०२१ मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांची खोली नेमकी त्याच बाजूला असून त्यांच्या पलंगाशेजारच्या खिडकीतून ती गच्ची दिसते. त्यांनी मला फक्त एकच विचारले, "हे आपल्याला बाधेल का गं?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि ते मिळायला पुढचे जवळजवळ सात महिने लागले. त्या काळात मी अनेक चुकीची दारे ठोठावली, चुकीचे प्रश्न विचारले आणि काही बरोबर प्रश्न फार उशिरा विचारले. अशा प्रसंगात सापडलेल्या कुणाचे तरी काही आठवडे वाचावेत, म्हणून हे सारे क्रमाने लिहिते आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी यजमान आणि मी शेजारच्या काकांकडे गेलो. आमचे आणि त्यांचे तीन पिढ्यांचे येणेजाणे आहे, त्यामुळे भांडायला जावे असे कुणाच्याच मनात नव्हते. काकांनी करारनामा समोर ठेवला. दरमहा अठरा हजार रुपये भाडे आणि वीस वर्षांची मुदत, असा तो करार होता. काकूंचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते. "अगं, या वयात मला दुसरे कोण अठरा हजार देणार आहे?" असे काका म्हणाले, तेव्हा आम्हा दोघांनाही पुढे काही बोलवेना. करार वाचताना एक गोष्ट मात्र मला जाणवली आणि ती मी त्यांना लगेच सांगितली. टॉवरवरील मालमत्ता कर कोणी भरायचा याचा त्यात उल्लेखच नव्हता. मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिलेला आहे, त्यामुळे गच्ची भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने हे कलम करारात आधी शोधावे.

सोमवारी गल्लीत सह्या गोळा झाल्या. अकरा घरांतील एकतीस जणांच्या सह्यांचा अर्ज घेऊन आम्ही ९ जानेवारीला, मंगळवारी, कलेक्टर कार्यालयातील जनसुनवाईला, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी थेट ऐकून घेण्याच्या बैठकीला, गेलो. अर्जात आम्ही दोन वाक्यांत तीन तक्रारी कोंबल्या होत्या: टॉवर विनापरवानगी उभा राहतो आहे, त्याच्या किरणोत्सर्गाने कर्करोग होतो आणि गल्लीत बालवाडी आहे. अर्जावर नोंदणी क्रमांक मिळाला आणि तो महापालिकेच्या संबंधित झोन कार्यालयाकडे पाठवल्याचे सांगण्यात आले. (जनसुनवाईला जाताना अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व क्रमांक घेतल्याशिवाय तेथून हलू नये. पुढे प्रत्येक ठिकाणी तो क्रमांक विचारला जातो.)

२३ जानेवारीला भवन निरीक्षक पाहणीला आले. तोवर गच्चीवर टॉवरचा खालचा सांगाडा उभा राहिला होता. त्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि मग जे सांगितले, ते आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. दूरसंचार मार्गाधिकाराचे (राइट ऑफ वेचे), म्हणजे टॉवर व तारांसाठी जागा वापरण्याच्या हक्काचे, केंद्रीय नियम २०१६ मध्ये झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनुसार खासगी मालमत्तेवर टॉवर उभारण्यासाठी कंपनीला स्थानिक प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती. काम सुरू करण्यापूर्वी लेखी पूर्वसूचना द्यायची आणि तिच्यासोबत इमारतीचा तपशील व अधिकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे सुरक्षितता प्रमाणपत्र जोडायचे, एवढेच बंधन होते. कंपनीची पूर्वसूचना फाइलवर आहे, असे निरीक्षक म्हणाले. म्हणजे "विनापरवानगी" हा आमच्या अर्जातील पहिला शब्दच निरर्थक ठरला. (मी सांगते आहे ते २०२४ चे नियम आहेत. दूरसंचार अधिनियम २०२३ खाली केलेले नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत, तेव्हा अर्ज लिहिण्यापूर्वी ते मुळातून वाचावेत.)

त्या रात्री गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर शंभरेक संदेश आले. ग्वाल्हेरच्या माझ्या मावसभावाने तेथील दाल बाजारच्या खटल्याची बातमी पाठवली. शेजारच्या छतावरील टॉवरमुळे आपल्याला कर्करोग झाला, अशी तक्रार घेऊन एक घरकामगार सर्वोच्च न्यायालयात गेले होते आणि मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने तो टॉवर सात दिवसांत बंद करण्याचा आदेश दिला होता. दुसऱ्या कुणी तरी राजस्थान उच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१२ चा, शाळा आणि रुग्णालयांजवळचे टॉवर हटवण्याविषयीचा आदेश पाठवला. या दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. पण त्या नीट वाचल्यावर मला कळले की ग्वाल्हेरचा आदेश त्या एका टॉवरपुरता होता, टॉवरमुळे कर्करोग होतो असा निष्कर्ष त्यात नाही. शिवाय केंद्राची भूमिका अशी आहे की किरणोत्सर्गाची मर्यादा सर्वत्र सारखीच असल्यामुळे शाळा, रुग्णालय किंवा बालवाडी यांच्यासाठी वेगळे अंतर ठेवण्याचे कारण नाही. आमच्या अर्जातील तिसरा मुद्दाही अशा रीतीने डळमळीत झाला.

मग मी किरणोत्सर्गाविषयी वाचायला बसले. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरीही इतकी वर्षे हे कधी उघडून पाहिले नव्हते याची मला मनापासून खंत वाटली. टॉवरमधून निघणाऱ्या रेडिओलहरी क्ष-किरणांसारख्या अणूंचे आयनीभवन करणाऱ्या नसतात. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचे तापणे, आणि त्यावरूनच आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेली आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून त्या मर्यादेचा दहावा हिस्सा स्वीकारला. ९०० मेगाहर्ट्झ वारंवारतेला दर चौरस मीटरला ०.४५ वॉट, १८०० मेगाहर्ट्झला ०.९ वॉट आणि २००० मेगाहर्ट्झच्या वर १ वॉट, अशी ती मर्यादा तेव्हा ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना "कदाचित कर्ककारक" या २ब गटात ठेवले आहे, हेही मी सासूबाईंपासून लपवले नाही. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे असा होतो, धोका सिद्ध झाला आहे असा होत नाही, हे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण पलंग खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला लावून घेतला.

वाचता वाचता दूरसंचार विभागाचे तरंग संचार नावाचे संकेतस्थळ सापडले. २०१७ पासून ते सर्वांसाठी खुले आहे. नकाशावर आपले ठिकाण निवडले की आसपासचे टॉवर दिसतात, आणि ४००० रुपये भरून आपल्या जागेची प्रत्यक्ष मोजणी करून घेण्याची मागणीही तेथे करता येते. मी त्याच रात्री पैसे भरायला निघाले होते. यजमानांनी थांबवले. टॉवर अजून सुरूच झालेला नाही, तर मोजणार काय, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. ही चूक पुष्कळांच्या हातून होत असावी असे मला वाटते. मोजणी टॉवर चालू झाल्यावरच मागावी.

आता उरला तो एकच प्रश्न, जो आमच्या अर्जात नव्हता. ही इमारत हा भार पेलू शकते का? पूर्वसूचनेसोबतचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नव्हते, म्हणून २५ जानेवारीला माहिती अधिकाराखाली अर्ज केला. मध्य प्रदेशात त्याची फी १० रुपये आहे. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असे न लिहिता मी चार गोष्टी नावानिशी मागितल्या: पूर्वसूचनेची आवक दिनांकासह प्रत, इमारतीच्या तपशिलाची प्रत, स्ट्रक्चरल प्रमाणपत्राची प्रत आणि प्रमाणपत्र देणाऱ्या इंजिनिअरच्या नोंदणीची प्रत. उत्तर तीस दिवसांच्या मुदतीत, २१ फेब्रुवारीला आले. ३४ पानांचे दर पानाला २ रुपयांप्रमाणे ६८ रुपये भरून २६ फेब्रुवारीला मी प्रती हातात घेतल्या आणि कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसूनच वाचायला सुरुवात केली.

प्रमाणपत्र दोन पानांचे होते. पहिल्या पानाच्या मध्यावर इमारतीचे वर्णन होते: "तळमजला अधिक दोन मजले". मी ती ओळ तीनदा वाचली. काकांच्या इमारतीला तळमजल्यावर तीन मजले आहेत. तिसरा मजला २००९ च्या सुमारास, त्यांच्या मोठ्या मुलाच्या लग्नाच्या आधी चढवला, हे गल्लीतील प्रत्येकाला आठवते. म्हणजे जो भार पेलण्याची हमी दिली होती, तो एक मजला कमी असलेल्या इमारतीवरचा भार होता. सोबतच्या नकाशावर पंधरा मीटर उंचीचा मनोरा दुसऱ्या मजल्याच्या छतावर काढलेला होता.

येथे मला एक अडचण वाटली, जी सांगणे आवश्यक आहे. तिसऱ्या मजल्याचा मुद्दा काढला आणि त्या मजल्यालाच मंजुरी नसली, तर टॉवर बाजूला राहून काकांचे घरच संकटात येईल, ही भीती होती. म्हणून कुठेही अर्ज देण्याआधी आम्ही ती प्रत घेऊन काकांकडेच गेलो. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, काही न बोलता आतून पत्र्याची ट्रंक आणली आणि तिच्यातून तिसऱ्या मजल्याचा मंजूर नकाशा काढून आमच्यासमोर पसरला. "मी त्या लोकांना हा दाखवला होता. ते म्हणाले, जुनाच चालेल," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी तो नकाशा गुंडाळला आणि झेरॉक्स काढून आणायला माझ्या हातात दिला. आपले भाडे त्यामुळे थांबेल हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांच्या या वागण्याबद्दल मला आजही फार आदर वाटतो.

२८ फेब्रुवारीला आम्ही आमच्या खर्चाने एका स्ट्रक्चरल इंजिनिअरांना बोलावले. त्यांची फी ६००० रुपये झाली, ती अकरा घरांनी वाटून घेतली. काकांनी गच्चीची किल्ली दिली. मनोऱ्याचे पाय थेट गच्चीवर टेकवत नाहीत, खाली लोखंडी तुळया (आय-बीम) आडव्या टाकतात आणि त्या बीमांची टोके इमारतीच्या खांबांच्या डोक्यावर बसवतात, म्हणजे भार स्लॅबवर न येता खांबांतून सरळ इमारतीच्या पायात उतरतो, हे त्यांनी आम्हाला आधी समजावले. मग ते तिसऱ्या मजल्यावर उतरले, हातोडीने भिंती हलके ठोकत आवाजावरून खांब शोधला आणि त्याच्या दोन्ही कडांवर खडूने उभ्या रेघा मारल्या. त्या कडेचे अंतर त्यांनी जिन्याच्या भिंतीपासून टेपने मोजले, वर येऊन तेच अंतर गच्चीवर घेतले आणि तेथे गेरूने फुली केली. ईशान्येकडील बीमचे टोक त्या फुलीपासून जवळजवळ दोन फूट अलीकडे, नुसत्या स्लॅबवर टेकलेले होते. खात्रीसाठी त्यांनी इमारतीच्या बाहेरच्या बाजूने ओळंबा सोडला. तो संथ होईपर्यंत आम्ही सगळे गप्प उभे होतो. काकाही कठड्याला धरून वाकून पाहत होते. ओळंब्यानेही तेच सांगितले. त्या टोकाच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्याच्या छताला केसाएवढी एक तडा गेलेली होती. ती जुनी की नवी हे मात्र ठामपणे सांगता येणार नाही, असे त्यांनी अहवालात स्वच्छ लिहिले.

५ मार्चच्या जनसुनवाईत दुसरा अर्ज दिला. या वेळी किरणोत्सर्गाचा एकही शब्द नव्हता. "पूर्वसूचनेसोबतचे स्ट्रक्चरल प्रमाणपत्र प्रत्यक्ष इमारतीशी जुळत नाही, तरी नव्या प्रमाणपत्रापर्यंत काम थांबवावे," अशी एकच मागणी आणि सोबत चार कागद: प्रमाणपत्राची प्रत, तिसऱ्या मजल्याचा मंजूर नकाशा, आमच्या इंजिनिअरांचा अहवाल आणि बीमच्या टोकाचे छायाचित्र. अर्ज अर्ध्या पानाचा होता. आठव्या दिवशी, १२ मार्चला, काम थांबवून नवे प्रमाणपत्र सादर करण्याची नोटीस कंपनीला गेली. पहिल्या अर्जावर एकतीस सह्या होत्या, दुसऱ्यावर तीनच.

त्यानंतरचा काळ नुसत्या वाट पाहण्याचा होता. १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, जनसुनवाई थांबली आणि अधिकारी निवडणुकीच्या कामाला लागले. ३० मार्चला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली, तेव्हा राजवाड्याकडून परतणाऱ्या रंगलेल्या पोरांनी त्या अर्धवट सांगाड्याचेच फोटो काढले. मधल्या काळात आम्ही १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेथे तक्रार एल-१ पासून एल-४ पर्यंत पातळी-पातळीने वर जाते. फोन करून "तुमचे समाधान झाले का" असे विचारले जाते, तेव्हा लेखी काही हातात आलेले नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि फोनची तारीख वहीत लिहून ठेवावी. मी पहिल्या दिवसापासून एक शंभर पानी वही केली होती. कोण भेटले, काय म्हणाले, कोणता क्रमांक दिला, हे सारे तिच्यात होते आणि पुढे तिचा फार उपयोग झाला.

या आठवड्यांत सर्वांत जड गेले ते काकांना रोज समोर पाहणे. त्यांचे भाडे टॉवर सुरू झाल्यावर मिळणार होते. एप्रिलमध्ये एकदा काकूंना डायलिसिसला नेण्यासाठी त्यांनी रिक्षा थांबवली, तेव्हा यजमान धावत खाली गेले आणि त्यांना आमच्या गाडीतून घेऊन गेले. पुढे मंगळवारची फेरी आमच्याकडेच आली. त्याविषयी कुणी काही बोलले नाही.

१८ एप्रिलला कंपनीने पाठवलेले दुसरे इंजिनिअर आले. त्यांनी रिबाउंड हॅमरने खांबांतील काँक्रीटची तपासणी केली, दोन ठिकाणी प्लास्टर खरवडून सळया पाहिल्या आणि तिसऱ्या मजल्यासह सगळी मोजमापे नव्याने घेतली. १३ मे रोजी इंदूरचे मतदान झाले आणि ४ जूनला निकाल लागला. नवे प्रमाणपत्र १४ जूनला दाखल झाले. त्यात पंधरा मीटरचा मनोरा रद्द करून सहा-सहा मीटरचे तीन सुटे खांब, ज्यांना त्या धंद्यात रूफ टॉप पोल म्हणतात, उभारायचे आणि बीम इमारतीच्या मूळ खांबांच्या डोक्यावर सरकवायचे असे ठरले. डिझेल जनरेटरऐवजी बॅटऱ्या ठेवण्याचेही कंपनीने मान्य केले, कारण आम्ही तोवर आवाजाचे नियमही वाचले होते. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि नियमाप्रमाणे बनवलेल्या जनरेटरलाही एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत मुभा असते. गच्चीवर तो रात्रभर चालला असता तर ही मर्यादा पाळली गेलीच नसती, असे माझे मत आहे.

मनोरा उतरला याचा गल्लीत आनंद झाला. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. अँटेना आपली शक्ती मुख्यतः समोर, आडव्या पट्ट्यात, किंचित खाली झुकवून फेकते. बरोबर खाली फार थोडी पोहोचते. म्हणजे उंची कमी झाली तर इमारतीवरचा भार कमी होतो, पण तो पट्टा शेजारच्या खिडक्यांच्या जवळ येतो. आम्ही इमारतीची सुरक्षितता मागितली होती आणि ती मागताना दुसऱ्या बाजूचे गणित बिघडले तर नाही ना, ही शंका मला छळू लागली. केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अँटेनाच्या थेट समोर, तितक्याच उंचीवर इमारत असल्यास एका अँटेनासाठी २० मीटर आणि दोनसाठी ३५ मीटर अंतर सांगितलेले आहे. आम्ही तर बारा मीटरवर. मी कागदावर मांडून पाहिले: काकांची गच्ची जमिनीपासून सुमारे तेरा मीटर, वर सहा मीटरचा पोल, म्हणजे अँटेना एकोणीस मीटरवर, आणि सासूबाईंच्या खिडकीचा माथा साडेपाच मीटरवर. आम्ही "समोर" नव्हतो, बरेच खाली होतो. तरीही मी कंपनीच्या साइट इंजिनिअरना तो कागद दाखवून तिन्ही अँटेनांच्या दिशा विचारल्या. एकही थेट आमच्या घराकडे नव्हती. हे त्यांनी तोंडी सांगितल्यावर मी त्यांच्याकडून दिशांच्या अंशांसह लिहून घेतले. तो माणूस सौजन्याने वागला, याची नोंद करायला हवी.

२ जुलैला टॉवर सुरू झाला. ८ जुलैला मी तरंग संचारवर ४००० रुपये भरून मोजणीची मागणी नोंदवली. हा खर्च आम्ही घरातूनच केला, कारण उत्तर मुख्यतः आम्हालाच हवे होते. तोवर झेरॉक्स, फी आणि इतर किरकोळ मिळून झालेला सगळा खर्च धरला तर आकडा सुमारे साडेदहा हजारांवर गेला.

३० जुलैला दूरसंचार विभागाचे दोघे अधिकारी आले. पावसाची रिपरिप चालू होती, म्हणून गच्चीवरची मोजणी उघडीप पाहून केली. तिपाईवर लहरी मोजणारा एक पांढरा गोळा बसवलेला होता. माणसाच्या छातीच्या उंचीवर तो ठेवून त्यांनी सहा मिनिटे थांबून सरासरी घेतली. मी त्यांना विनंती केली की सासूबाईंच्या खोलीतही, पलंग पूर्वी जिथे होता नेमक्या त्या जागी मोजावे. त्यांनी ती लगेच मान्य केली. सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि पडद्यावरच्या आकड्याकडे पाहत राहिल्या. सहा मिनिटे संपल्यावर अधिकाऱ्यांनी त्यांनाच उद्देशून सांगितले, "माताजी, जितनी छूट है, उसके सौवें हिस्से से भी कम है." गच्चीवरचा आकडा त्याहून जास्त होता, पण तोही मर्यादेच्या पुष्कळच खाली होता. शेजारी ठेवलेला माझा स्वतःचा मोबाइल कॉलवर लावून त्यांनी गोळा त्याच्या जवळ नेला, तेव्हा आकडा खोलीतल्या आकड्याच्या कितीतरी पट वर गेला. हे त्यांनी आम्ही न विचारता दाखवले.

लेखी अहवाल ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आला. मी त्याची एक प्रत काकांना दिली आणि एक गल्लीच्या गटावर टाकली. मूळ प्रत सासूबाईंनी मागून घेतली. त्यांनी ती घडी करून आपल्या दवाखान्याच्या फाइलमध्ये, रक्ताच्या तपासण्यांच्या मागे लावून ठेवली आणि संध्याकाळी नातवाला हाक मारून पलंग पुन्हा खिडकीपाशी सरकवून घेतला.